वयाच्या रेषा : ब्रिटनमधील तरुण आणि सामाजिक धोरणाचा वाद

एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात ब्रिटनमध्ये एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराला तासाला किमान १२ पौंड २१ पेन्स द्यावे लागत होते. अठरा ते वीस वर्षांच्या कामगाराला १० पौंड दिले तरी कायद्याला चालत होते, आणि अठराच्या आतल्याला ७ पौंड ५५ पेन्स. तिघे एकाच सुपरमार्केटमध्ये, एकाच पाळीत, एकाच फळीवर डबे लावत असले तरी कायद्याची हरकत नाही. पुढे नोकरी गेली तर आणखी एक रेषा आडवी येते. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी मदतीचा २०२५-२६ मधला मूळ मासिक दर पंचविशी गाठलेल्या एकट्या व्यक्तीसाठी ४०० पौंड १४ पेन्स होता, आणि पंचविशीच्या आतल्या एकट्या व्यक्तीसाठी ३१६ पौंड ९८ पेन्स. चोवीस वर्षांच्या माणसाला दूध, वीज आणि बसचे तिकीट काही स्वस्त मिळत नाही. तरी दर महिन्याला त्र्याऐंशी पौंडांचा फरक राहत होता.

या रेषा कोणी आखल्या, कोणत्या समजुतीवर आखल्या, आणि ज्यांच्या अंगावरून त्या जातात त्या तरुणांनी त्याबद्दल काय म्हटले, हा या संग्रहाचा विषय आहे. शिक्षण, सरकारी मदत आणि व्यापक अर्थाने सामाजिक धोरण यांवर ब्रिटनमधील तरुण शतकाहून अधिक काळ वाद घालत आले आहेत. कधी विद्यापीठाच्या वादसभेत, कधी कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गात, कधी रस्त्यावर, तर कधी प्रत्यक्ष संसदेच्या बाकांवर बसून. मराठीत या परंपरेबद्दल सलग असे फारसे वाचायला मिळत नाही. तिचा नकाशा नवख्या वाचकासमोर ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी क्षेत्राची हद्द सांगायला हवी. शिक्षणाच्या वादात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात : कोणाला किती शिकवायचे, निवड कोणी आणि कोणत्या वयात करायची, आणि पैसे कोणी भरायचे. मदतीच्या वादात मूळ प्रश्न एकच आहे : मदत सरसकट द्यायची की अटी लावून, गरज तपासून? आणि सामाजिक धोरण म्हणजे घर, आरोग्य, अन्न, युवा केंद्रे, बालसंगोपन अशा सगळ्या गोष्टी, ज्यांत सरकारचा हात कुठवर असावा याबद्दल एकमत कधीच झालेले नाही.

ही तीन दालने कागदावर वेगळी दिसतात. व्यवहारात त्यांच्या भिंती नाहीत. इंग्लंडच्या शाळेत एखाद्या मुलीला दुपारचे जेवण फुकट मिळेल की नाही, हे शाळा ठरवत नाही. पहिल्या तीन इयत्तांनंतर ते ठरते तिच्या आईवडिलांच्या मदतीच्या कागदपत्रांवरून. घर ‘युनिव्हर्सल क्रेडिट’वर असले तरी २०१८ पासून कमाईची अट वर्षाला ७,४०० पौंडांची होती. ती अट सप्टेंबर २०२६ पासून काढण्याचे सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. ताटातला घास शिक्षणखात्याचा, पण त्यावरची सही मदतखात्याची. म्हणून या विषयात एकाच खिडकीतून पाहणारा हमखास फसतो.

या सगळ्याच्या मुळाशी १८३४ चा ‘पुअर लॉ’ आहे. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब कष्टकऱ्यापेक्षाही वाईट राहिली पाहिजे, नाहीतर लोक आळशी होतील, हे त्याचे सूत्र. वर्कहाऊस नावाचे दगडी वाडे याच सूत्रातून उभे राहिले. वाडे गेले, सूत्र गेले नाही. आजही बेकारभत्त्याच्या कुठल्याही चर्चेत पाच मिनिटांच्या आत कोणीतरी तोच मुद्दा नव्या कपड्यांत घेऊन येतो.

शिक्षणाची वाट निराळी होती. १८७० च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये प्राथमिक शाळांचे जाळे विणायला घेतले, १८८० मध्ये उपस्थिती सक्तीची झाली. मराठी वाचकाला इथे एक धागा ओळखीचा वाटेल. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक इंग्लंड आणि आयर्लंडच्या कायद्यांचा आधार घेऊनच तयार केलेले होते. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

त्याच १९११ च्या सप्टेंबरात वेल्समधल्या लानेली गावातील शाळकरी मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. एका मुलाला झालेली शिक्षा हे निमित्त होते. बघता बघता संपाचे लोण साठाहून अधिक गावांत आणि शहरांत पोचले. छडी बंद करा, शाळेचे तास कमी करा, गृहपाठ नको, आणि मॉनिटरचे काम करणाऱ्याला पैसे द्या, अशा मागण्या होत्या. मोठ्यांनी हसून सोडून दिले. सरकारी शाळांतली छडी बंद करणारा कायदा यायला १९८६ उजाडले. पण ज्यांच्यासाठी धोरण आखले जाते त्यांनीच त्यावर बोलण्याचा हा एक लवकरचा नमुना आहे, आणि त्यांच्या मागण्यांचा नेमकेपणा लक्षात घेण्यासारखा आहे. ‘शिक्षण सुधारा’ असे ती मुले म्हणाली नाहीत.

सुखवस्तू तरुणांचा प्रवास दुसऱ्या टोकाकडून सुरू झाला. १८८४ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात टॉयन्बी हॉल उभा राहिला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांनी गरीब वस्तीत राहायला यावे, तिथल्या माणसांकडून शिकावे आणि त्यांना शिकवावे, ही कल्पना. १९०३ मध्ये विल्यम बेव्हरिज नावाचा चोवीस वर्षांचा तरुण तिथे उपप्रमुख म्हणून आला. पुढे क्लेमंट ॲटली काही काळ तिथला सचिव झाला. एकाने चार दशकांनी कल्याणकारी राज्याचा आराखडा लिहिला, दुसऱ्याने पंतप्रधान म्हणून तो अमलात आणला. तरुणपणी कोणत्या वस्तीत राहून कोणाशी वाद घातला याला धोरणाच्या इतिहासात किती मोल असते, हे एवढ्यावरून कळते.

त्याच काळात कामगारांच्या शिक्षणासाठी ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ निघाली. आर. एच. टॉनी यांनी १९०८ मध्ये रॉचडेल आणि लाँगटन इथे घेतलेले वर्ग प्रसिद्ध आहेत. रॉचडेल कापडगिरण्यांचे, लाँगटन चिनीमातीच्या भांड्यांचे. वर्ग दोन तासांचा : पहिला तास व्याख्यान, दुसरा तास निव्वळ चर्चा. साधारण तीस जणांची मर्यादा, आणि तीन वर्षे यायचे असे वचन. दिवसभर राबून आलेली माणसे आर्थिक इतिहासावर शिक्षकाला अडवत, उलटतपासणी घेत. भाषण ऐकून टाळ्या वाजवण्यापेक्षा हे वेगळे होते. वादाचा अर्धा वेळ श्रोत्यांच्या मालकीचा होता.

डिसेंबर १९४२ मध्ये, ऐन युद्धात, बेव्हरिज अहवाल आला. अभाव, आजार, अज्ञान, बकालपणा आणि रिकामपण हे पाच राक्षस त्याने सांगितले, आणि सरकारी अहवाल विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत केले, १९४६ मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. या लाटेचे पाणी आपल्यापर्यंतही आले. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत असताना, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यावर उभा आहे.

आता विचारांचे प्रवाह. पहिला, हक्काचा. टी. एच. मार्शल यांनी १९४९ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत मांडले की आधी नागरी हक्क आले, मग राजकीय हक्क आणि विसाव्या शतकात सामाजिक हक्क. ते मिळाल्याशिवाय नागरिकत्व पुरे होत नाही. रिचर्ड टिटमस यांनी सरसकट सेवांची बाजू लावून धरली. फक्त गरिबांसाठी काढलेली सेवा हळूहळू गरीब दर्जाची होते आणि घेणाऱ्याच्या कपाळावर शिक्का मारते, हा या प्रवाहाचा मुख्य दावा आहे.

दुसरा प्रवाह बाजाराचा. फ्रीडरिश हायेक यांचे ‘द रोड टू सर्फडम’ १९४४ मध्ये, म्हणजे शिक्षण कायद्याच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. १९५५ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’ स्थापन झाली आणि शाळांसाठी व्हाउचर, स्पर्धा, पालकांची निवड या कल्पना तिथून फिरू लागल्या. या प्रवाहाला निर्दय म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते वाचून झालेले मत नसते. स्वतः हायेक यांना अन्न-वस्त्र-निवाऱ्याची किमान हमी मान्य होती. त्यांचा आक्षेप होता तो सरकारने माणसाच्या वतीने सगळे ठरवण्याला.

तिसरा प्रवाह १९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाचा. अँथनी गिडन्स यांनी त्याला ‘तिसरा मार्ग’ म्हटले. हक्कासोबत जबाबदारी, हे त्याचे सार. १९९८ च्या ‘न्यू डील’ योजनेत बेकार तरुणापुढे चार वाटा होत्या : अनुदानित नोकरी, शिक्षण, स्वयंसेवी काम किंवा पर्यावरणाचे काम. घरी बसून भत्ता घेण्याची पाचवी वाट मुद्दाम ठेवलेली नव्हती. मार्च १९९९ मध्ये टोनी ब्लेअर यांनी बालदारिद्र्य एका पिढीत संपवण्याचे वचन दिले, तेही टॉयन्बी हॉलमध्येच.

गंमत अशी की टिटमस, हायेक आणि गिडन्स हे तिघेही वेगवेगळ्या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. वेब दांपत्याच्या पुढाकाराने १८९५ मध्ये निघालेल्या याच संस्थेत आंबेडकर शिकले. एकाच इमारतीत परस्परविरोधी विचारधारा नांदू शकतात, हा त्या देशातल्या वादसंस्कृतीचा चांगला गुण मानावा लागेल.

चौथा प्रवाह या तिघांनाही प्रश्न विचारणारा. एलिझाबेथ विल्सन यांनी १९७७ मध्ये दाखवले की कल्याणकारी राज्य कमावता पुरुष आणि घर सांभाळणारी बाई हे चित्र गृहीत धरून बांधलेले आहे. बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये कॅरिबियन मुलांना ‘मंद’ ठरवून वेगळ्या शाळांत टाकण्याची पद्धत उघडी पाडली. साउथॉलच्या आशियाई तरुणांनी १९७६ मध्ये, एका शीख विद्यार्थ्याच्या खुनानंतर, स्वतःची संघटना उभारली. ‘सरसकट’ म्हटले जाते तेव्हा त्यात नेमके कोण धरलेले असते, हा त्यांचा प्रश्न. सगळ्या प्रवाहांत तरुणांनी खऱ्या अर्थाने स्वतः आणलेला प्रश्न हाच आहे.

वाद कुठे होतो, हेही पाहायला हवे. केंब्रिज युनियन १८१५ ची, ऑक्सफर्ड युनियन १८२३ ची. मुंबईचे डी. एफ. कराका १९३४ मध्ये ऑक्सफर्ड युनियनचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्याच सभेत स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळायला मात्र १९६३ साल लागले. आज जगभर चालणाऱ्या ‘ब्रिटिश पार्लमेंटरी’ पद्धतीत चार संघ, आठ वक्ते असतात. विषय पंधरा मिनिटे आधी कळतो आणि बाजू आपल्या हातात नसते. प्रत्येकाला सात मिनिटे. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या पाच मिनिटांत समोरचा हात पुढे करून उभा राहतो, आणि त्याचा प्रश्न घ्यायचा की हातानेच बसायला सांगायचे हे वक्त्याने बोलता बोलता ठरवायचे. एकही प्रश्न न घेणारा वक्ता परीक्षकांच्या नजरेतून उतरतो. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत घोकून आणलेले भाषण खपून जाते. इथे चालत नाही.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. दोषही आहेत. काल ज्याने मोफत शिक्षणाच्या विरोधात जिंकले तो आज त्याच्या बाजूने जिंकतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या खिशावर परिणाम शून्य. खासगी शाळांत देशातली जेमतेम सात टक्के मुले शिकतात, पण घासूनपुसून बोलायला शिकवण्यासाठी लागणारा वेळ आणि शिक्षक तिथे सहज असतात. यावर उतारा म्हणून काही मंच निघाले. अकरा ते अठरा वयोगटाची ‘यूके युथ पार्लमेंट’ १९९९ पासून आहे. ३० ऑक्टोबर २००९ रोजी तिचे सदस्य हाउस ऑफ कॉमन्सच्या हिरव्या बाकांवर बसले. खासदार नसलेल्यांनी तिथे बसून चर्चा करण्याची ती पहिलीच वेळ. विद्यापीठाची फी आणि मतदानाचे वय हे विषय त्या दिवशीच्या यादीत होते.

फीच्या वादाकडे आता वळू, कारण तरुणांच्या राजकारणाची सगळी ताकद आणि मर्यादा त्यात एकत्र दिसतात. १९६२ नंतरच्या पिढीला फी नव्हती, उलट पात्र विद्यार्थ्याला निर्वाह अनुदान मिळे. १९९० मध्ये कर्ज आले, १९९८ मध्ये १,००० पौंड फी आली, २००६ पासून ती ३,००० पर्यंत गेली. २०१० च्या निवडणुकीआधी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी फीवाढीविरुद्ध मत देण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या आणि निवडणुकीनंतर ते सत्तेत सामील झाले. १० नोव्हेंबरला हजारो विद्यार्थी लंडनमध्ये उतरले. ९ डिसेंबरला ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी ९,००० पौंडांची कमाल मर्यादा मंजूर झाली. २०१५ मध्ये त्या पक्षाचे खासदार ५७ वरून ८ वर आले, पण फी खाली आली नाही. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात ती ९,५३५ पौंड होती.

आंदोलनाची घोषणा ‘फी नको’ अशी होती. खरा बदल त्यानंतर, गर्दी पांगल्यावर, कर्जाच्या अटींत होत गेला. २०१२ च्या योजनेत उरलेले कर्ज तीस वर्षांनी माफ होत असे. २०२३ पासून इंग्लंडात शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी ती मुदत चाळीस वर्षे झाली आणि परतफेड वर्षाला २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईच्या नऊ टक्क्यांनी सुरू होते. म्हणजे अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलगी साठी ओलांडेपर्यंत हप्ते भरू शकते. या बदलावर २०१० सारखा मोर्चा निघाला नाही. मुदत आणि मर्यादा या शब्दांवर घोषणा रचता येत नाही, हे त्याचे एक कारण.

आता ऑगस्ट २०२० पाहा. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि इंग्लंडच्या परीक्षा नियामकाने गणिती सूत्राने श्रेणी ठरवल्या. १३ ऑगस्टला ए-लेव्हल या विद्यापीठ-प्रवेशाआधीच्या परीक्षेचे निकाल लागले तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या सुमारे चाळीस टक्के श्रेणी खाली ओढलेल्या निघाल्या. मुलांनी नियमावली उघडली. त्यांना दिसले की वर्ग अगदी लहान असेल तर शिक्षकाचीच श्रेणी धरायची असे कलम आहे, आणि इतके लहान वर्ग जास्त करून फी घेणाऱ्या शाळांत असतात. मोठ्या सरकारी महाविद्यालयातला हुशार मुलगा मात्र आपल्या संस्थेच्या जुन्या निकालांनी बांधला गेला. चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने माघार घेतली.

त्याच उन्हाळ्यात बावीस वर्षांचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने खासदारांना पत्र लिहिले. मागणी मोजकी होती : शाळा बंद असताना मोफत जेवणाला पात्र मुलांची कुपने उन्हाळी सुटीतही चालू ठेवा. आठवड्याला १५ पौंड, सहा आठवडे, इंग्लंडमधली सुमारे तेरा लाख मुले. दुसऱ्याच दिवशी सरकारने ती मान्य केली.

या घटना शेजारी ठेवल्यावर मला जे दिसते ते असे. तत्त्वाच्या वादात टाळ्या मिळतात. निकाल पोटकलमात लागतो. वय, उत्पन्नाची मर्यादा, लागू होण्याची तारीख, मुदत या चार जागी धोरण खरोखर राहते. ब्रिटनमधल्या तरुणांनी जेव्हा तिथे बोट ठेवले तेव्हा सरकारला उत्तर देणे जड गेले.

मात्र एवढ्यावर भागत नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या सोळा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला तीस पौंडांपर्यंत मिळणारा शिक्षण-निर्वाह भत्ता इंग्लंडात २०११ मध्ये बंद झाला. ती मुले बसचे भाडे, जेवण, वह्या असा पैसान्‌पैशाचा हिशेब घेऊन बोलत होती. तपशील पक्का होता, तरी हरली. तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांना मत नव्हते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो भत्ता टिकला.

इथे आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. ‘ब्रिटन’ असे आपण एका दमात म्हणतो, पण शिक्षणाची धोरणे चार आहेत. ग्लासगोच्या मुलीला स्कॉटिश विद्यापीठात स्वतःच्या खिशातून फी भरावी लागत नाही. लीड्सच्या मुलीला कर्ज काढावे लागते. पण स्कॉटिश विद्यार्थ्यांसाठी सरकार पैसे देते त्या जागांना मर्यादा असते, म्हणजे मोफतलाही किंमत आहे. कुठल्याही बाजूने बोलणाऱ्याने हे दुसरे वाक्य गाळू नये.

आज हा विषय का? पहिले कारण मतदानाचे वय. १९६९ च्या कायद्याने ते एकविसावरून अठरावर आले. स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्यांना मत दिले, पुढे स्वतःच्या संसदेसाठीही. वेल्सने त्याचे अनुकरण केले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेच्या निवडणुकांसाठीही सोळाचे वय आणण्याचे जाहीर केले. निर्वाह भत्ता गमावलेल्या पिढीकडे जे नव्हते ते पुढच्यांकडे येऊ शकते. दुसरे कारण : २०२५ मध्ये शिक्षण, नोकरी वा प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले सोळा ते चोवीस वयाचे तरुण नऊ लाखांहून अधिक होते. तिसरे, ‘दोन मुलांची मर्यादा’. ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या मुलासाठी मदत नाकारणारा हा नियम एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. ५ एप्रिलला जन्मलेले मूल पात्र आणि दुसऱ्या दिवशीचे अपात्र, अशी ती नऊ वर्षे होती. जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के व्हॅट लागला, त्यावरचा वादही अजून गरम आहे.

मराठी वाचकाचा संबंध केवळ कुतूहलाचा नाही. पुणे, नाशिक, कोल्हापुरातून दरवर्षी मुले तिकडे शिकायला जातात. विद्यार्थी व्हिसावर गेलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. त्याच व्हिसाच्या अटींनुसार सरकारी मदत मात्र त्याला मागता येत नाही, आणि आरोग्य सेवेसाठी वर्षाला ७७६ पौंडांचा अधिभार आधीच भरावा लागतो. मत आहे, मदत नाही. इंग्लंडातल्या सोळा वर्षांच्या मुलाची स्थिती आजवर जवळपास याच्या उलट राहिली. नागरिकत्वाचे तुकडे असे वेगवेगळ्या हातांत पडलेले असतात, हे आपल्या घरातल्या मुलांच्या अनुभवातूनही समजू शकते.

या संग्रहाने काय करायचे ठरवले आहे? प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडायच्या, आणि मग तिसरी गोष्ट करायची जी वादस्पर्धेत होत नाही : त्या प्रश्नाचा प्रत्यक्ष नियम समोर ठेवायचा. तो कोणत्या वर्षी आला, कोणाला लागू आहे, कोण त्यातून निसटते, खर्च कोणाच्या खात्यातून जातो. संपादकांनी लेखकांना एकच बंधन घातले होते. ज्या धोरणाबद्दल लिहायचे ते ज्याच्यावर लागू होते अशा एका काल्पनिक घराचा महिन्याचा हिशेब लेखात आलाच पाहिजे. त्यामुळे काही लेख कोरडे वाटतील. तो कोरडेपणा मला गुण वाटतो.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. उत्तर आयर्लंडच्या शाळा, अपंग तरुणांचे भत्ते आणि तुरुंगातले शिक्षण या विषयांना इथे पुरेशी जागा मिळालेली नाही. ब्रिटनचे अनुभव उचलून महाराष्ट्राला लावण्याचा मोहही लेखकांनी टाळला आहे. तिथल्या राज्ययंत्रणेची कर गोळा करण्याची क्षमता, लोकसंख्येची रचना आणि संघटित नोकऱ्यांचे प्रमाण आपल्यापेक्षा निराळे आहे. आपल्याकडे घेण्यासारखी आहे ती वाद घालण्याची शिस्त.

महाविद्यालयीन विद्यार्थी, वादविवाद मंडळे चालवणारे शिक्षक आणि मुलांना परदेशी धाडणारे पालक यांच्या हाती हे पुस्तक जावे अशी इच्छा आहे. त्यांना एकच विनंती. एखादा लेख वाचून मत बनले की लगेच विरुद्ध बाजूचा लेख वाचा, आणि त्यानंतर आपल्या महाविद्यालयाला लागू असलेल्या एखाद्या शिष्यवृत्तीचा शासन निर्णय मिळवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वय, उत्पन्नाची मर्यादा, तारीख आणि मुदत कुठे लिहिली आहे ते शोधा. मग बोलायला उभे राहा.